हारासाठी काढलेल्या दोन केबल

आमच्याकडे नवीन माणूस रुजू झाला की मी त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट तीनदा सांगते. पुसायचं, बघायचं, मग जोडायचं. फायबरचं, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या तारेचं, टोक आधी पुसायचं, छोट्या मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि मगच पोर्टमध्ये, म्हणजे यंत्राच्या खाचेत, घालायचं. पोरं मान डोलावतात आणि मनात म्हणतात, बाई जरा जास्तच करतेय. मीही तेच म्हणाले होते. मला हे ज्यांनी शिकवलं ते काका आता आमच्याकडे नाहीत, आणि ते नाहीत याला कारण मी आहे.

मी लालबागची. आमच्या मजल्यावर माझी ख्याती फटकळ म्हणून. नळावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, रिक्षावाल्याशी, साहेबाशी, कुणाशीही मी बोलून मोकळी होते. आई मालवणीत म्हणायची, "गो, तुझ्या तोंडाक कुलूप कोण घालतलो?" कुणी घालायची गरज पडली नाही. जेव्हा बोलायचं होतं तेव्हा मीच घातलं, आणि चावीही मीच लपवली.

लोअर परळला एका उंच इमारतीच्या दोन मजल्यांवर आमची प्रयोगशाळा आहे. लोकांना वाटतं एआय म्हणजे एक मोठ्ठं डोकं. तसं काही नसतं. शेकडो, कुठे कुठे हजारो प्रोसेसर एकाच गणिताला बसलेले असतात आणि क्षणाक्षणाला एकमेकांना आपापलं उत्तर सांगत असतात. हे सांगणं-ऐकणं ज्या चिपांमधून आणि केबलींमधून होतं, ते आमचं खातं. इतक्या वेगात तांब्याच्या तारेतून सिग्नल दोन-तीन मीटर गेला तरी दमतो. म्हणून मध्ये एक चिप असते, ती दमलेला सिग्नल ओळखते, नीट करते आणि नव्याने पुढे पाठवते. लांब जायचं असेल तर प्रकाश लागतो, आणि प्रकाशासाठी फायबर. फायबरच्या आतली प्रकाशाची वाट केसाहून कितीतरी बारीक. तिच्यावर एक कण बसला तरी घोडं अडतं.

पण लगेच अडत नाही, हीच खरी गोम आहे. त्या चिपा चुका दुरुस्त करतात. कण बसला, थोडे आकडे चुकले, तरी चिप ते बरोबर करून पुढे देते आणि बाहेरून सगळं छान दिसतं. किती दुरुस्त्या केल्या त्याची नोंद ती ठेवते, पण ती नोंद कुणीतरी उघडून बघावी लागते.

मी आले ती टेबलावरची इंजिनीयर. चिपेचं आतलं डिझाइन मला पाठ, पण हातात फायबर कधी धरलेली नाही. काका तिथे कंत्राटावर होते, अकरा वर्षं. माझ्याहून नऊच वर्षांनी मोठे, पण सगळे काका म्हणायचे म्हणून मीही. पहिल्याच आठवड्यात मी एक केबल उचलून थेट खुपसली. त्यांनी काही न बोलता ती काढली, मायक्रोस्कोपला लावली आणि म्हणाले, "मॅडम, या बघा." पडद्यावर माझ्या बोटाचं तेल चंद्रावरच्या खड्ड्यांसारखं पसरलेलं. मी ओशाळले. ते हसले नाहीत. म्हणाले, "डोळ्याला दिसत नाही म्हणून नाही असं नसतं." मग टोक पुसायच्या, एकदा वापरून टाकायच्या बारीक काड्या माझ्या हातात देऊन मला दहा वेळा करायला लावलं.

काकांना एकच हवं होतं. आमच्याकडे कंत्राटी माणसाच्या गळ्यात ओळखपत्राची पिवळी दोरी असते, कायम माणसाच्या गळ्यात निळी. त्यांना निळी हवी होती, आणि त्यात मिरवणं नव्हतं. ते अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहायचे. क्वार्टर बायकोच्या नावावर, आणि ती पुढच्या उन्हाळ्यात रिटायर होणार होती. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. कंत्राटी माणसाला बँक दारात उभं करत नाही. कायम नोकरीचं पत्र असेल तर मुंबईच्या आसपास कुठेतरी एक खोली तरी बघता येईल, एवढा साधा हिशोब. दिवाळीच्या आधी एक जागा कायम होणार होती. शिफारस मी लिहिली होती, मनापासून लिहिली होती, आणि साहेबांनी तोंडी हो म्हटलं होतं. काका त्याबद्दल बोलायचे नाहीत. फक्त एकदा चहा पिताना म्हणाले, "मॅडम, घरी अजून सांगितलं नाही. पत्र हातात आलं की सांगेन."

आता दसऱ्याचं.

माझे वडील मिलमध्ये होते. खंडेनवमीला मागाची पूजा व्हायची आणि वर्षातून तेवढा एक दिवस आम्हा घरच्यांना आत सोडायचे. एरवी कानठळ्या बसवणारं ते खातं त्या दिवशी गप्प असायचं. वडील धुतलेला सदरा घालून आपल्या मागाला हळद-कुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे, आणि आम्हाला पेढा. ज्या हत्यारावर पोट, त्याला एक दिवस हात जोडायचे, एवढंच त्यांना माहीत. मिल गेली, वडील गेले, पण माझ्यात ते राहिलं. दर खंडेनवमीला मी ऑफिसात कॉम्प्युटरला फूल वाहायची. बाहेर, टेबलावर. आतल्या यंत्रांच्या खोलीत फूल, पावडर, खाणं, काही न्यायला बंदी. बंदीची ती पाटी मीच छापून लावलेली.

त्या वर्षी आतल्या खोलीत यंत्रांची नवी रांग उभी राहिली होती. सगळ्यात वरच्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबली जिथे जमतात त्या पेटीत, आमच्या चिपा, ज्यांच्यावर मी तीन वर्षं घातली होती. खंडेनवमीच्या दिवशी दुपारपर्यंत काकांनी सगळी रांग जोडून संपवली. प्रत्येक टोक पुसलं, प्रत्येकाचा मायक्रोस्कोपमधला फोटो रेकॉर्डला टाकला. मग त्यांची रजा सुरू होणार होती. काका बौद्ध. दसऱ्याला ते बायको-मुलीला घेऊन दर वर्षी नागपूरला जायचे; त्यांच्यासाठी तो दिवस दिवाळीपेक्षा मोठा. आमची पूजा-बिजा असली की ते एरवीही चहाचा कप घेऊन बाहेर जाऊन उभे राहायचे. त्यांनी कधी नाक मुरडलं नाही, आम्ही कधी आग्रह केला नाही. रजेवर सही माझीच होती. "निघतो मॅडम," म्हणाले, पाठीवर सॅक टाकली आणि गेले.

ते गेले आणि मला उमाळा आला. चारजण होतो. मी म्हटलं, चला, आज आत करू, एवढंसं बोट लावायचंय. पोरं खूश. मी करंडा घेऊन आत गेले, पाटीच्या बाजूने, माझ्याच पाटीच्या बाजूने. स्विचला हळद लावली, कुंकू लावलं. हार अडकवायला गेले तर वरच्या दोन केबली मध्ये येत होत्या. त्या मी काढल्या. हार घातला, फोटो काढला, पेढे वाटले. मग हार उतरवला आणि केबली परत खुपसल्या. त्याच बोटांनी. पुसलं नाही, बघितलं नाही. दिवे हिरवे लागले आणि मी म्हटलं, झालं.

फोटो कुणीतरी आमच्या खात्यातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकला; साहेब त्यात नव्हते, काका होते. संध्याकाळी मी दादरच्या फुलबाजारात होते, घरच्या तोरणासाठी झेंडू घेत, दोन्ही हातांत पिशव्या, गर्दीचे धक्के. काकांचा मेसेज आला, गाडीतून. "फोटो छान मॅडम. वरच्या दोन केबल काढलेल्या दिसतात. पुसून, बघून लावल्या ना?" मी वाचलं. एका क्षणात मला कळलं की नाही लावल्या. आणि त्याच क्षणी फुलवाली म्हणाली, "ताई, घ्या ना लवकर." मी अंगठा पाठवला. उद्या परवा जाऊन करून टाकू, त्यात काय, असं मनाशी म्हटलं आणि घासाघीस करायला लागले.

उद्या दसरा होता, परवा रविवार. सोमवारी मोठी चाचणी सुरू झाली. तीन दिवस सलग सगळ्या प्रोसेसरांनी एकच गणित करायचं, आणि परदेशातले ग्राहक तिथून बघणार. मंगळवारी दुपारी सगळं थांबलं. एका केबलीने मान टाकली की बाकीचे सगळे तिच्या उत्तराची वाट बघत हात बांधून बसतात, तसे बसले. दुरुस्त्यांची नोंद उघडली तर आकडा खंडेनवमीच्या दुपारपासून चढत होता. चार दिवस चिपेने सांभाळून घेतलं होतं, पुढे तिच्याने झालं नाही.

मी एकटीच आत गेले. केबल काढली, मायक्रोस्कोपला लावली. मधोमध एक काळा कण. त्या उजेडात सगळंच काळं दिसतं. मी काडीने पुसलं आणि काडीचं टोक बघितलं. फिकट गुलाबी होतं. मी ती काडी कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि वर दोन कोऱ्या काड्या टाकल्या. हे मी मुद्दाम सांगतेय. चूक हातून होते, पण त्या दोन कोऱ्या काड्या चुकून पडल्या नव्हत्या.

साहेब बंगळूरला बसतात, ते स्क्रीनवर आले. मी म्हटलं, "कनेक्टरवर घाण होती, साफ केली, आता ठीक आहे." ते म्हणाले, "जोडलं कुणी?" आता बघा, इथे तीन शब्द पुरले असते. 'सर, मीच जोडलं.' मी म्हणाले, "रेकॉर्ड बघते." रेकॉर्डला काकांचं नाव. दुपारी साडेबारा. साहेबांनी स्वतःच तारीख जुळवली. "त्याच दिवशी हा रजेवर गेला ना? गाडी पकडायची घाई." मी म्हटलं, "तसं नसेल सर." एवढंच. रेकॉर्डला काकांनी टाकलेला त्या टोकाचा फोटोही होता, तो स्वच्छ. साहेब म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच केबलीचा फोटो टाकलाय. हे तर जास्त वाईट."

मला लोक विचारतील, नोकरीची भीती होती का. नव्हती. एक मेमो आला असता, जास्तीत जास्त. मला भीती होती हसण्याची. परदेशात ती माणसं म्हणतील, कोट्यवधींच्या यंत्राला ही बाई कुंकू लावते आणि स्वतःच्याच चिपेचा घात करते. माझ्या वडिलांचा तो मागापुढे हात जोडलेला चेहरा त्यांच्या हसण्यात जाईल, असंही काहीतरी मी मनाशी गुंफलं. सगळी सारवासारव. खरं एवढंच की मला लाज वाटली आणि माझी लाज मला त्यांच्या घरापेक्षा मोठी वाटली.

काका गुरुवारी आले. उन्हाने रापलेले, खुशीत. मला त्यांनी नागपूरची संत्राबर्फी दिली. अकरा वाजता त्यांना बोलावणं आलं. खोलीत मी, ते आणि स्क्रीनवर साहेब. साहेबांनी सगळं सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "सर, मी पुसून, बघून लावलं होतं. फोटो त्याच केबलचा आहे." साहेब म्हणाले, "मग घाण आली कुठून?" काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्याची बोलायची पाळी आली की आपण बघतो, तसं. त्यांचा फोन शर्टाच्या खिशात होता, त्यात माझा अंगठा होता. मी वहीत काहीतरी लिहायला लागले. काय लिहिलं देव जाणे. काकांनी फोन काढला नाही. "मला माहीत नाही सर," म्हणाले.

पुढचे आठ दिवस ते रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी हजेरीची वही घेऊन यायचे. मी सही करायची. सही झाल्यावरही ते थोडं थांबायचे, वही बंद करायला लागतो त्याच्याहून जरा जास्त वेळ. मी स्क्रीनकडे बघत राहायची. पूजेला असलेली पोरंही माझं तोंड बघून आपापल्या कामात डोकं घालायची. मी, जिला बस कंडक्टरशीही वाद घातल्याशिवाय चैन पडत नाही, ती मी मूग गिळून बसले होते. दर दिवशी वाटायचं, उद्या सांगू. त्यात काही ढोंग नव्हतं, खरंच वाटायचं.

नवव्या दिवशी यादी लागली. कायम केलेलं नाव दुसऱ्याचं होतं. कंत्राटदाराने काकांना आमच्याकडून काढून लांबच्या कुठल्या तरी गोदामात केबली ओढायला पाठवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी आपली अवजारं मोजून दिली, मायक्रोस्कोपची काच पुसली आणि पिवळी दोरी गेटवर जमा केली. मला म्हणाले, "येतो मॅडम." मी म्हटलं, "फोन करा काका." एवढा निर्लज्जपणा माझ्यात कुठून आला?

उन्हाळ्यात कुणाकडून तरी कळलं की क्वार्टर रिकामं करतायत. मी एका शनिवारी बसने अँटॉप हिलला गेले. टेकाडाला चिकटलेल्या त्या इमारती, जिन्यात गाद्यांची वळकटी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी. बदलापूरच्याही पुढे भाड्याची खोली मिळाली होती. काकांच्या बायकोने मला बसायला एकुलती न बांधलेली खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत गेली. तिला माहीत होतं की नव्हतं, मला कळलं नाही.

मी सगळं बोलले. हार, कुंकू, काडी, साहेब, सगळं. तोंडाला लागलेलं कुलूप असं भलत्या वेळी उघडलं. काका खोक्याला दोरी बांधत होते. बांधून झाली तेव्हा म्हणाले, "मला गाडीतच कळलं होतं. फोटोत दोन पोर्ट रिकामे होते ना."

"मग तुम्ही मेसेज का नाही दाखवलात साहेबांना?"

त्यांनी दोरीची गाठ ओढून बघितली. मग म्हणाले, "मॅडम, मी दाखवला असता तर काय झालं असतं माहितीये? हा दसऱ्याला नागपूरला जाणारा माणूस, हा आपल्या पूजेवर उठला, असं झालं असतं. पोरं पण तेच म्हणाली असती. मी बोललो असतो तर त्याची जात झाली असती. तुम्ही बोलला असता तर ती नुसती चूक झाली असती. म्हणून मी थांबलो. रोज वही घेऊन येत होतो ना."

मी म्हटलं, "मी आता सांगते. सोमवारी मेल करते, सगळ्यांना."

"करा की," ते म्हणाले. "पण आता कराल ते तुमच्यासाठी कराल." आणि आतून हाक आली म्हणून कपाट धरायला उठले.

मी मेल केला. सोमवारी सकाळी, एकही वाक्य गाळलं नाही. काकांना परत घ्यावं असंही लिहिलं. साहेबांचं उत्तर तासाभरात आलं. त्या माणसाचं प्रकरण कंत्राटदाराकडे बंद झालंय, जागा भरलीय, त्याबद्दल वाईट वाटतं. पण तुम्ही स्वतःहून पुढे आलात, हे फार मोठं आहे.

महिन्याच्या मीटिंगला सगळी ऑफिसं स्क्रीनवर होती. साहेबांनी माझं नाव घेतलं. आपली चूक मान्य करायला किती धैर्य लागतं, हे यांच्याकडून शिका, म्हणाले. कुणी हसलं नाही. परदेशातलेही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चांगल्या लांबलचक. माझा माइक चालू होता, आणि साहेब म्हणाले, तुम्हाला काही बोलायचंय का?

मी म्हटलं, "थँक यू, सर."